कमानीच्या पुढचा स्टॉप

तुम्ही कधी औरंगपुऱ्यातून वाळूजला जाणाऱ्या शहर बसमध्ये बसलात का? बसला असाल, तर मला नक्की पाहिलं असेल. खाकी ड्रेस, खांद्याला कातडी बॅग आणि अंबाड्यात खोचलेलं पेन. ती मी. त्या गाडीची कंडक्टर.

आमच्या डेपोत संध्याकाळी गाड्या झाडतात, तेव्हा सीटखालून टोपलंभर ऐवज निघतो. शेंगांची टरफलं, चुरगळलेली तिकिटं, कुणाचं एकच कानातलं. कुणी मुद्दाम टाकत नाही, आपोआप साठतं. किस्स्यांचंही तसंच आहे. इतक्या वर्षांत माझ्याकडे एवढे साठलेत की झाडून काढायचे म्हटलं तरी संपायचे नाहीत!

पण गेल्या हिवाळ्यात मी हे कुणाला सांगत नव्हते. मनच नव्हतं. आमच्या लाईनीचा शेवटचा टप्पा, म्हणजे कमानीपासून खदान वस्तीपर्यंतचा दीड किलोमीटर, बंद व्हायला निघाला होता. वस्तीत रुखसार नावाची मुलगी आहे, अकरावीला. रोज आमच्याच गाडीनं औरंगपुऱ्याला कॉलेजात येते. तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "गाडी बंद, तो कॉलेज बंद." आणि हे सगळं ज्या कारणानं होत होतं, त्यात चूक माझी होती.

आता ते मिटलं. छातीवरचा दगड उतरला. म्हणून हसत हसत सांगते, पण अगदी सुरुवातीपासून.

*

मी लागले तेव्हा लाईन छोटीच होती. औरंगपुरा ते नगर नाका, बस्स. ड्रायव्हर खलीलभाई. आधी पंधरा वर्षं त्यांनी वाळूजच्या एका कंपनीची शिफ्टची बस चालवली होती. ते अजूनही माझ्याच गाडीवर आहेत.

माझा पहिला दिवस. बाई कंडक्टर लोकांनी फारशी पाहिली नव्हती. मी "तिकीट, तिकीट" म्हणत पुढं सरकत होते, आवाज काही फुटत नव्हता. गर्दी अशी की पाय टेकवायला जागा नाही. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "ये माय, तू बस. कवाची उभी हायेस."

मी इतकी घाबरलेली होते की खरंच बसले!

गाडी काही हलेना. सिंगल बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला, एवढं तर मला शिकवलेलं होतं. पण मी बसले ती खिडकीतून बाहेर बघत, गाडी का निघत नाही याचा विचार करत. दोन मिनिटं गेली. लोक ओरडायला लागले, "ओ ड्रायव्हर, झोपले का?" शेजारच्या बाईनं मला विचारलं, "कंडक्टर कुठं गेला हो?" मी म्हटलं, "काय माहीत!"

शेवटी खलीलभाईंनी मान मागं वळवली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, गाडी भी मैंच चलाऊँ, घंटी भी मैंच बजाऊँ?"

*

औरंगपुऱ्यातला आमचा पहिला स्टॉप म्हणजे एक लोखंडी खांब होता. खाली सिमेंट भरलेला डबा, वर पाटी. जमिनीत गाडलेला नव्हता, तिथंच घोटाळा.

ज्या दुकानासमोर खांब, त्या दुकानासमोर गर्दी. गिऱ्हाइकाला आत शिरायला वाट नाही. म्हणून भांड्यांचा दुकानदार सकाळी दुकान उघडलं की खांब हळूच चार हात सरकवायचा, चपलांच्या दुकानासमोर. दुपारी चपलांवाला जेवून आला की तो सरकवायचा पुढं, बांगड्यांच्या दुकानासमोर. बांगडीवाली सकीनाबी मात्र कधी तक्रार करायची नाही. ती म्हणायची, "रहने दो. बस की राह देखते देखते औरतें चूड़ियाँ देखतींच."

उन्हाळा आला की उलटं सुरू! उसाच्या रसाचा गाडा लावणारा रात्रीतून खांब स्वतःच्या गाड्याशेजारी नेऊन ठेवायचा. दिवाळी आली की भांडेवाला म्हणायचा, "अहो, हा खांब मूळचा आमच्याच दारातला!" एकदा तर त्यानं आणि चपलांवाल्यानं दोन बाजूंनी धरून असा ओढला की पाटीच वाकडी झाली. स्टॉपचा बाण आकाशाकडं!

त्या काळात एका नवीन प्रवाशानं मला विचारलं, "ताई, वाळूजच्या बसचा स्टॉप कुठंय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणत्या महिन्यात?"

*

पुढं लाईन नगर नाक्यावरून वाळूजच्या चौकापर्यंत वाढली. चौकात गाडी उभी करायची, पाच मिनिटं थांबायचं, परत फिरायचं. कंपन्यांच्या गेटपर्यंत जायची परवानगी नव्हती. कामगार चौकातून पायी जायचे.

एक दिवस सकाळच्या फेरीला मी मागं तिकिटं देत होते. चौक आला. गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडं वळली. मला वाटलं, काही खोदकाम असेल. मग अजून एक वळण. मग एक मोठं लोखंडी गेट. गेटवरच्या वॉचमननं खलीलभाईंचं तोंड पाहिलं, सलाम ठोकला आणि गेट उघडलं. गाडी आत. गेट बंद!

आम्ही चाळीस माणसं, अख्खी शहर बस, कंपनीच्या आवारात.

खलीलभाईंनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि डबा घेऊन उतरायला लागले. पायरीवर आल्यावर त्यांना भान आलं. तिथंच डोक्याला हात लावून बसले. "पंधरा साल का हाथ है मॅडम. मोड़ आया, हाथ मुड़ गया!"

मी वॉचमनला विचारलं, "अहो, पण तुम्ही कसं आत सोडलं?" तो म्हणाला, "पंधरा वर्षं मी गेट याच मानसाला बघून उघडतो. गाडी कोन बघतंय?"

गाडीत एक बाई हळदीच्या कार्यक्रमाला निघाली होती, ताट घेऊन. ती म्हणाली, "मंगल कार्यालय हेच का?" एक कामगार त्याच कंपनीतला निघाला. त्याची ड्यूटी दुपारची. तो म्हणाला, "ताई, आलोच हाय तर आत्ताच पंच मारू का? ओव्हरटाइम धरतील का?"

तेवढ्यात रात्रपाळी सुटली. लोकांनी आवारात शहर बस उभी पाहिली आणि एकच गलका, "आली रे आली! शेवटी सरकारला कळलं!" धडाधड चढलेसुद्धा. आता दमून आलेल्या माणसाला "खाली उतर" कसं म्हणायचं? मी तिकिटं दिली.

दुसऱ्या दिवशी गेटवर वीसेक जण आमची वाट बघत उभे! त्यांनी अर्ज केला, कंपनीनं पत्र दिलं, आणि दोन महिन्यांनी लाईन अधिकृतपणे गेटपर्यंत वाढली. डेपोत नोटीस लागली, "प्रवाशांच्या वारंवार मागणीवरून मार्ग वाढवण्यात येत आहे."

खलीलभाईंनी मला ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "वारंवार? मैं तो एकीच बार चूका था!"

*

आमच्या गाडीत जागा धरायची रीत तुम्हाला माहीत असेल. खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल नसेल तर पिशवी, वही, हेल्मेट. वस्तू पडली म्हणजे माणूस बसला. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण लोक पाळतात.

पाचोडचे एक बाबा लेकीला भेटायला वाळूजला निघाले होते. औरंगपुऱ्यात ही गर्दी! त्यांच्या एका हातात बाजाराची पिशवी, दुसऱ्या हातात काठी. त्यांनी काय करावं? पायातली एक चप्पल काढून खिडकीतून सीटवर टाकली. आणि गर्दीच्या रेट्यात बाबा राहिले खाली. गाडी निघाली. मला काही माहीत नाही.

छावणीत एक जाडजूड गृहस्थ चढले. खिडकीशेजारी चप्पल. "ही कुणाची?" कुणी बोलेना. "आहे कुणीतरी," शेजारचा म्हणाला. गृहस्थ उभेच राहिले! नगर नाक्याला माणसं बदलली, गेटवर बदलली, परतीच्या फेरीला सगळीच नवीन. जो तो विचारायचा, "ही कुणाची?" आणि जो तो सांगायचा, "आहे कुणीतरी." चप्पल आपली खिडकीशेजारी वारा खात बसलेली, आणि बाजूला माणसं दांड्याला लोंबकळत.

अडीच तासांनी गाडी औरंगपुऱ्यात परत आली. बाबा भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले, एक पाय अनवाणी. सावकाश उठले, चढले, सरळ त्या सीटपाशी गेले. चप्पल पायात घातली आणि बसले.

मी म्हटलं, "बाबा, अहो एवढ्या वेळात दोन गाड्या गेल्या की वाळूजला!"

"गेल्या ना," बाबा म्हणाले. "पन माझी जागा हिच्यात व्हती."

*

आता खदान वस्तीचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कंपनीच्या गेटानंतर लाईन अजून वाढली, पुढच्या गावाच्या कमानीपर्यंत. कमान मोठी, रस्ता अरुंद. तिथं गाडी वळायलाच जागा नव्हती. मग ऑफिसनं सांगितलं, कमानीवर प्रवासी उतरवा, गाडी रिकामी पुढं खदानीच्या मैदानात न्या, तिथं वळवा आणि परत या. त्या मैदानाला लागूनच वस्ती आहे, दगड फोडणाऱ्यांची. आता निम्म्या बायका वाळूजला पॅकिंगच्या कामाला जातात.

पहिल्याच दिवशी वस्तीतल्या सुमनमावशी कमानीवर उतरेनात. "ताई, गाडी वळायला आमच्या दारातच चाललीय ना? मग मी काय वझं हाय का?"

मी म्हटलं, बसा. मग त्यांच्यामागं नसीमआपा, म्हणजे रुखसारची आई. मग सगळ्याच. असं ते सुरू झालं. वस्ती हा स्टॉप कागदावर कधी नव्हताच. ऑफिसच्या हिशोबी ती गाडी वळवायची जागा!

या बायका गाडीत चढल्या की गाडीचं स्वयंपाकघर होतं. मेथीची जुडी सुटते, चार सीटवर वाटली जाते, वस्ती येईपर्यंत निवडून तयार. कुणी हात बांधून बसलेलं त्यांना चालत नाही.

एकदा सकाळी एक मुलगा बसला होता, इस्त्रीचा शर्ट, टाय, मांडीवर फाईल. सुमनमावशींना त्या दिवशी मेथी कामावर न्यायची होती, कुणाच्या तरी डोहाळजेवणाला. त्यांनी निम्मी जुडी त्याच्या फाईलवर ठेवली.

"मावशी, मी इंटरव्ह्यूला चाललोय!"

"मंग? तिथं बोलायचंय ना? हात मोकळेच हायेत तुझे."

बिचाऱ्यानं निवडली. चांगली निवडली हो, काड्या वेगळ्या, पानं वेगळी. संध्याकाळी तोच मुलगा गाडीत धावत चढला. टाय खिशात. "मावशी, नोकरी लागली! उद्यापासून रोज याच गाडीला!"

मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं झालं बाबा. उद्या वाटाणे हायेत."

*

मधे गाडीत बोलणारी बाई आली. म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज. "पुढील थांबा, छावणी." फार गोड आवाज. खरं सांगते, मला धास्तीच वाटली. म्हटलं, आता आपलं काम गेलं.

पण ती बाई नेहमी एक स्टॉप पुढं असायची! गाडी अजून छावणीला पोचायचीच असायची, आणि ही म्हणायची, "पुढील थांबा, नगर नाका." खलीलभाई तिच्याशी भांडायचे, "अरे रुक ना माँ, पहुँचने तो दे!" एक आजी तिच्या भरवशावर चुकून आधीच उतरल्या. उन्हातान्हाच्या चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या चढल्या, माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि वर स्पीकरकडं बोट दाखवून हळूच म्हणाल्या, "ती लई लाडात बोलती, पन खोटं बोलती. तूच सांग बाई."

त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

*

हा शेवटचा. यात मी पहिल्यांदा हसले नव्हते.

पूर्वी आम्ही तिकीट हातानं फाडायचो. मग मशीन आलं. मशीनमध्ये स्टॉपची यादी असते, त्यातला निवडायचा. यादी कमानीवर संपायची. खदान वस्ती त्यात नव्हतीच, कारण ती वळायची जागा. मग वस्तीच्या बायकांना मी तिकीट कशाचं देणार? कमानीचं द्यायचे. भाडं तेवढंच होतं, त्यामुळं कुणाचं काही बुडत नव्हतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चार वर्षं मी असंच केलं.

गेल्या हिवाळ्यात रस्ता रुंद झाला आणि कमानीजवळ मोठं गोल सर्कल झालं. आता गाडी कमानीवरच वळू शकत होती. लगेच ऑफिसचं पत्र आलं, "कमानीपुढे प्रवासी शून्य असल्याने गाडी पुढे नेऊ नये, असा प्रस्ताव आहे."

मी धावत ऑफिसात गेले. क्लार्कनं कागद समोर ठेवला. कमानीपुढं सगळी शून्यं. चार वर्षांची. "ताई, हे तुमच्याच मशीनमधून आलंय," तो म्हणाला. "रोज तुम्हीच सांगताय की पुढं कुणी जात नाही."

मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तोंडी नाही चालत. साहेब स्वतः एक फेरी बघणार आहेत. या आठवड्यात कधीही येतील. त्यांना पुढं माणसं दिसली तर प्रस्ताव रद्द."

मला हायसं वाटलं. माणसं तर होतीच! संध्याकाळच्या फेरीला तीसेक बायका वस्तीपर्यंत यायच्या. नुसतं बसून राहायचं होतं त्यांनी.

नसीमआपा त्या दिवशी मेथीला हातही लावत नव्हत्या. म्हणाल्या, "ताई, रुखसार के अब्बा बुरे नहीं. पर वो रास्ता डंपरों का. बत्ती नहीं. लड़की अँधेरे में कैसे चलेगी?" रुखसार खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या मांडीवर जाडजूड पुस्तक होतं, उघडं, पण पान काही उलटत नव्हतं.

मी सगळ्यांना बजावलं, "या आठवड्यात साहेब येणार आहेत. तिकीट जपून ठेवा, बघायला मागतील." एवढंच बोलले मी. गर्दी होती, कमान आली होती, 'कमानीवर कुणी उतरू नका' हे पुढचं राहून गेलं.

साहेब आले गुरुवारी, संध्याकाळच्या फेरीला. नगर नाक्याला चढले. जाड चष्मा, हातात डायरी. पुढच्या सीटवर बसले आणि वाळूजला बायका चढल्यावर शेजारच्या सुमनमावशींना विचारलं, "बाई, तिकीट दाखवता का?"

मावशींनी दाखवलं.

"कमान," साहेबांनी वाचलं आणि डायरीत लिहिलं.

मावशींचा चेहरा बदलला. त्या मागं वळून नसीमआपांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. आपांनी मागच्या सीटला सांगितलं. बघता बघता सगळ्या गाडीत कुजबूज पसरली. मेथीच्या जुड्या पिशवीत गेल्या. मी मागं तिकिटं देत होते. मला वाटलं, बायका साहेबांसमोर नीटनेटक्या बसतायत. शहाण्या आहेत!

कमान आली. बाकीचे प्रवासी उतरले. आणि सुमनमावशी उठल्या. "चला गं, आलं आपलं."

एकामागून एक, सगळ्या उतरायला लागल्या!

मी दारापाशी धावले. "अहो मावशी, बसा! कुठं चाललात?"

मावशी साहेबांना ऐकू जाईल अशा मोठ्यानं म्हणाल्या, "नाय नाय ताई, आमचं तिकीट इथवरच हाय! आम्ही काय तिकिटाच्या पुढं बसनाऱ्या बाया नाय!" आणि माझा हात दाबून हळूच म्हणाल्या, "चेकर हाय. तुमची नोकरी जाईल. गप बसा."

"अहो, ते चेकर नाहीत!"

"आमाला शिकवता का? तिकीट मागितलं त्यानं!"

साहेबांनी खिडकीतून डोकं काढलं. "बाई, तुम्ही इथंच राहता?"

मावशींनी आजूबाजूला पाहिलं. एक कमान, एक नवं सर्कल, बाभळीचं झाड आणि दोन कुत्री. "व्हय!" त्या म्हणाल्या. "हितंच. मागल्या बाजूला."

शेवटी रुखसार उतरली. माझ्याकडं न बघता.

गाडी पुढं निघाली. साहेब, मी आणि खलीलभाई. मागं सगळ्या सीट रिकाम्या. साहेबांनी डायरीत एक मोठं शून्य काढलं. मी तोंड उघडलं, मशीनचं सांगितलं, यादीचं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाई, तुमचं खरंही असेल. पण मी जे डोळ्यांनी बघतो तेच लिहिणार ना?"

मला रडूच यायला लागलं. खलीलभाई आरशातून बघत होते. मैदानात गाडी वळवली. दिवस मावळत आला होता. त्यांनी हेडलाइट लावले आणि गाडी परत निघाली.

अर्ध्या रस्त्यात उजेडात बायका दिसल्या.

रस्त्याच्या कडेनं, एकीमागं एक, तीस बायका. डोक्यावर पदर, हातात डबे, पिशव्यांतून बाहेर आलेली मेथी. एक डंपर धूळ उडवत गेला तशा सगळ्या खाली चारीत उतरल्या, आणि परत वर आल्या. पुढं सुमनमावशी गुडघा धरून चालत होत्या.

खलीलभाईंनी ब्रेक दाबला.

साहेबांनी चष्मा पुसला. उतरले. "बाई, तुम्ही तर कमानीमागं राहता म्हणालात. इकडं कुठं?"

मावशी जागच्या जागी थांबल्या. मग छाती पुढं काढून म्हणाल्या, "फिरायला निघालो, सायेब!"

"एवढ्या सगळ्या?"

"व्हय. डाक्टरनं सांगितलंय. सगळ्यांना."

"डबे घेऊन?"

मावशींनी डबा पदराआड सरकवला. साहेबांनी रुखसारकडं पाहिलं. "तू गं? तुलाही डॉक्टरनं सांगितलं का?"

रुखसारनं माझ्याकडं पाहिलं. मी मानेनंच 'सांग' म्हटलं. "नाही सर. मी कॉलेजातून आले. घरी चालले." आणि तिनं वस्तीकडं बोट दाखवलं, जिथून आम्ही आत्ताच रिकामी गाडी वळवून आणली होती.

साहेबांनी डायरी मिटली. मग खलीलभाईंना म्हणाले, "गाडी इथं वळेल का?"

"इधर नक्को साहब, गड्ढे में जाएगी. कमानी पे घूमा के लातूँ."

"चला मग. बाई, बसा सगळ्या."

बायका बसल्या. पण जीव मुठीत धरून! साहेब सगळ्यात शेवटी चढले. त्यांची जागा नसीमआपांनी घेतली होती, मग ते दांडा धरून उभे राहिले. नव्या सर्कलवरून वळून आम्ही वस्तीला गेलो. बायका उतरत होत्या आणि साहेब एकेकीकडं बघून डायरीत रेघा मारत होते. मधेच त्यांनी शून्यावर काट मारलेली मी पाहिली.

सुमनमावशी उतरताना त्यांच्यापाशी थांबल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "सायेब, दंड करायचा तर मला करा. ताईनं आमाला कमानीला उतरायला सांगितलं व्हतं. आमीच ऐकत नाय."

पुढच्या आठवड्यात सकाळी सहाच्या फेरीला मी मशीन चालू केलं. यादीत कमानीच्या खाली 'खदान वस्ती' असं नाव आलेलं होतं, आणि त्या नावाचं पहिलं तिकीट रुखसारचं निघालं.